बेळगावच्या हवेतला सोपा

उचगावची क्रांती मधाळे दिवसाला चार-पाच वर्षं जगायची. राजारामपुरीत राजवर्धन सरनोबत या आर्किटेक्टचं ऑफिस होतं. तिथं जिन्याखालच्या टेबलावर बसून ती कॉम्प्युटरमध्ये एक बिल्डिंग चालवायची. बटण दाबलं की एक जानेवारी सुरू व्हायची, उन्हाळा यायचा, पाऊस पडून जायचा, दिवाळी व्हायची, आणि कपातला चहा निवायच्या आत एकतीस डिसेंबर उजाडायची. मग त्या अजून न बांधलेल्या बिल्डिंगनं वर्षभरात किती वीज खाल्ली त्याचा आकडा पडद्यावर पडायचा. क्रांती तो आकडा बघायची, डोळे चोळायची, खिडकीचं माप नाहीतर भिंतीची जाडी थोडी इकडंतिकडं करायची, आणि पुन्हा एक जानेवारी.

संध्याकाळी केएमटीच्या बसमध्ये चढताना तिचा चेहरा असा झालेला असायचा की कंडक्टर न सांगता पुढची सीट मोकळी करून द्यायचा. "बसा ताई, लई दमलाईसा." पुढची सीट म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांची. तिशीच्या अलीकडच्या पोरीला कंडक्टरनं ती द्यावी, म्हणजे बघा.

त्यात दोन हजार आठ साल. त्या वर्षी कोल्हापुरात लाईट जायची वेळ ठरलेली असायची आणि ती सोडून इतर वेळीही लाईट जायची. कॉम्प्युटरखाली एक बॅटरीचा डबा होता. तो घटकाभर दम धरायचा आणि मग चीं चीं करत मान टाकायचा. चालू वर्ष तिथंच बुडायचं. पलीकडचा ड्राफ्ट्समन मुद्दाम विचारायचा, "काय मॅडम, कुठवर आलतं?"

"गणपती बसलेते," क्रांती म्हणायची. "विसर्जन राहिलं."

उचगावच्या गल्लीत तर तिच्या नोकरीविषयी एकमत असं कधी झालंच नाही. तानूबाईची पोरगी एसी दुरुस्त करते, असं अर्ध्या बायका म्हणायच्या. उरलेल्या अर्ध्या म्हणायच्या की ती बिल्डिंगीला लाईटबिल किती येणार ते आधीच सांगते. आणि त्यातल्याच एकीनं आपलं बिल आणून दाखवलंही होतं. दुसरी बाजू खरं म्हणजे सत्याच्या बरीच जवळ होती, पण आपल्याकडं सत्याला बहुमत कुठं मिळतं!

आता तिचं नेमकं काम काय ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. शिरोलीच्या एमआयडीसीत गणपतराव येवलुजे यांची फौंड्री. ओतकाम थेट जर्मनीला जायचं. त्या जर्मन गिऱ्हाइकानं एकदा विचारलं, तुमची इमारत पर्यावरणाला धरून आहे काय? गणपतरावांनी "व्हय" म्हणून टाकलं आणि मग तशी इमारत बांधायला काढली. नवं हेड ऑफिस, हायवेला लागून, आणि त्याला ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट देणारी माणसं हैदराबादेत बसायची. त्यांचा एक नियम होता. तुमच्या बिल्डिंगशेजारी कॉम्प्युटर एक दुसरी बिल्डिंग उभी करतो, तेवढीच मोठी, तेवढ्याच मजल्यांची, पण नियमांच्या पुस्तकातल्यासारखी साधी. प्रत्येक भावकीत एक सरळमार्गी चुलतभाऊ असतो की नाही, ज्याचं नाव घेऊन आई आपल्याला बोलते? तसा हा चुलतभाऊ. त्याच्यापेक्षा तुमच्या बिल्डिंगनं निदान चौदा टक्के वीज कमी खाल्ली, तरच तुमची बाकीची फाइल उघडायची. नाहीतर तुम्ही झाडं लावा, पावसाचं पाणी साठवा, कोण विचारत नाही.

क्रांतीची बिल्डिंग अकरावर अडली होती. अकरा, साडेअकरा, जोर लावला तर बारा. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक टाकून झाली, छतात जाड थर घालून झाला, दिवे कमी विजेचे झाले, एसी सगळ्यात चांगला घेतला. तेराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आकडा पाय दुखल्यासारखा खाली बसायचा.

त्याला कारणं दोन होती, आणि दोन्ही कारणं गणपतराव येवलुजेच होते.

पहिलं कारण काच. हायवे पडला पश्चिमेला, म्हणून गणपतरावांना पश्चिमेची अख्खी बाजू काचेची हवी होती, तळापासून गच्चीपर्यंत. उतरतं ऊन सरळ आत. क्रांतीनं एकदा ती काच निम्मी करायचं सुचवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, हायवेवरनं चमकली पायजे." आता चमकली का पाहिजे, तर त्यामागं साडू होता. कुरुंदवाडच्या दोन बहिणी, एक येवलुज्यांच्या घरात दिली आणि दुसरी कबनूरच्या जोतीराम यंत्रमागवाल्याला. तेव्हापासून या दोघांची शर्यत. एकानं राजदूत घेतली की दुसऱ्यानं बुलेट. दिवाळीला दोघं सासुरवाडीला एका पंगतीत बसले की सासूबाई दोन्ही ताटांतल्या करंज्या सारख्या आहेत ना हे वाकून बघायच्या, मगच "बसा" म्हणायच्या. अलीकडं जोतीरामनं कबनूरला निळ्या काचेचं ऑफिस बांधलं होतं. तेव्हापासून गणपतरावांना झोप नव्हती. तंबाखू सोडल्यापासून ते तोंडात लवंग धरायचे, आणि काचेचा विषय निघाला की ती लवंग फार जोरात चावली जायची.

दुसरं कारण हवा. ती गंमत तर फक्त आमच्याच मुलखात होऊ शकते.

कॉम्प्युटरला बिल्डिंग चालवायची तर एखाद्या गावाची वर्षभराची हवा लागते. तासातासाचं ऊन, वारा, दमटपणा. सुरुवातीच्या मिटिंगला क्रांतीनं सांगितलं, "यात कोल्हापूरची हवा नाही, साहेब."

"न्हाय म्हंजे? कोल्हापूरला हवा न्हाय?"

"हवा आहे. तिची अशी नोंद मिळत नाही. जवळपासची म्हणजे पुणे, बेळगाव, रत्नागिरी, सोलापूर. यातलं एक गाव घ्यायचं."

सरनोबत म्हणाले, "पुणं घेऊया. उंची आपल्याएवढीच आहे."

गणपतरावांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सरनोबत, पुण्याचं ऊन दुपारी एक ते चार झोपतंय. त्या उन्हावर माझी बिल्डिंग चालवणार?"

सगळी मिटिंग हसली.

"बेळगाव घ्या. त्येला विचारायचं काय? बेळगाव आपलंच हाय. आमचा बा त्यासाठी हिंडलग्याच्या तुरुंगात बसून आलाय."

क्रांतीलाही ते पटलं होतं. भावनेसाठी नव्हे, नकाशा बघून. पुण्यापेक्षा बेळगाव निम्म्याहून कमी अंतरावर. तिनं हैदराबादला तसं लिहिलं, जवळचं ठिकाण म्हणून बेळगाव घेत आहोत, आणि हैदराबादनं होकार दिला. इथवर बरं होतं. पण पुढच्याच महिन्यात एका सत्काराला उत्तर देताना गणपतरावांनी भर सभेत सांगितलं, "सरकारनं बेळगाव आणायचं तवा आणावं, येवलुज्यांची बिल्डिंग आत्ताच बेळगावच्या हवेत हाय." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली. गणपतरावांनी ती फ्रेम करून फौंड्रीत लावली.

आणि मग क्रांतीच्या ध्यानात आलं की बेळगाव गार आहे. आपल्याला कौतुक वाटतं त्या हवेचं, पण हवाच गार म्हटल्यावर एसीला काम कमी. आणि एसीलाच काम कमी असल्यावर चांगला एसी घेऊन वाचवणार काय? घामच येत नाही त्या माणसानं पंख्याची बढाई मारावी तसं झालं.

ऑक्टोबर संपता संपता सरनोबतांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नव्हे, पण हिशेबी. गोड बातमी आणि कडू बातमी एकाच आवाजात सांगायचा.

"क्रांती, स्पष्ट बोलतो. हे सर्टिफिकेट मिळालं तर एनर्जीचं काम कोल्हापुरात ठेवू. तुला माणसं देऊ, नीट जागा देऊ. नाही मिळालं तर हे टेबल बंद करून सगळं पुण्याच्या ऑफिसला हलवू. तुझी खुर्ची तिथं आहेच, काळजी करू नकोस."

पुण्याची खुर्ची. क्रांती पुण्यातल्या तसल्याच एका खुर्चीवरून उठून आली होती. इंजिनिअर होऊन पुण्यात चार पैसे मिळवत होती, आणि तिथल्या मुली तिच्या कोल्हापुरी, पुरुषी "मी जातो, मी येतो" वर हसत होत्या. एकीनं तर विचारलं होतं, तुमच्याकडं बायका नसतात का? एका सकाळी उचगावहून फोन आला. एसटीच्या वर्कशॉपात राबून निवृत्त झालेले तिचे वडील चहाचा कप हातात असतानाच गेले होते. ती पोचली तेव्हा लोक परतत होते. त्यानंतर ती पुण्याला गेली ती सामान आणायलाच. त्याआधी आई तानूबाईला एकदा तिकडं नेऊन बघितलं होतं. तानूबाई त्या बंद फ्लॅटमध्ये गुडघे धरून बसून राहिली आणि आठवडा व्हायच्या आत म्हणाली, "मला घरी सोड. हितं दाराच्या भाईर बसाय जागा न्हाय. माणूस नदरंला पडत न्हाय. मी हितं मरायचो आणि तुला सांजंला कळायचं."

तेव्हा पुण्याला जायचं म्हणजे तानूबाईला दुखऱ्या गुडघ्यांसकट एकटी सोडून जायचं. सरनोबतांना यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्यांनी "आईलाही घेऊन ये की" असंच म्हटलं असतं.

"एक कर," सरनोबत म्हणाले, "पुणं टाकून बघ."

"बघितलंय."

"आणि?"

"पंधराच्या पुढं जातंय."

"अगं मग! हेच पाठवू. पुणं काय चुकीचं आहे? आपण पहिल्यांदा तेच म्हणत होतो."

क्रांती म्हणाली, "सर, जवळचं ठिकाण म्हणून बेळगाव असं माझ्या सहीनं लिहून दिलंय. आता काय लिहू? आमची बिल्डिंग पुण्याकडं सरकली?"

सरनोबतांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "तुझी सही, तुझं तू बघ. मला पुढच्या आठवड्यात आकडा पाहिजे. कुठल्याही गावचा."

त्या दिवशी ती बसमध्ये चढली आणि कंडक्टरनं नुसतं सीटकडं बोट केलं. घरी गेल्यावर तानूबाईनं भाकरी वाढली. "काय गं, लाईट गेलती व्हय?"

"न्हाय आई. आज लाईट होती, म्हणून जास्त दमलो."

दोनच दिवसांनी गणपतरावांचा फोन. "पोरी, काच काच करून तू माझं डोस्कं खाल्लंस. चल माझ्यासंगं कबनूरला. साडूची काच बघ एकदा. त्याला जमतंय ते तुझ्या कॉम्प्युटरला का जमंना?"

गाडीत क्रांती पुढं, ड्रायव्हरशेजारी, आणि मागं गणपतराव. वाटेत त्यांनी साडूची सगळी कुंडली सांगितली. नाक्यावर वळण घेतलं आणि लांबूनच ती निळी काच दिसली. दुपार कलली होती आणि सगळं ऑफिस आरशासारखं पेटलं होतं. गणपतराव नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं" मध्ये पंचवीस वर्षांची जळजळ होती.

आत गेले तर आत अंधार. म्हणजे दिवे लागलेले होते, भर दुपारी, छतभर ट्यूबलाईट. आणि त्या निळ्या काचेला आतून, इथून तिथपर्यंत, मांजरपाट टांगलेलं. स्वतःच्याच मागावरचं कोरं कापड, दोरीवर चिमटे लावून, वाळत घातल्यासारखं. दोन एसी भुंग्यासारखे घुमत होते. काचेकडचा कारकून घामानं निथळत होता आणि एसीखालचा कारकून मफलर गुंडाळून बसला होता.

"मालक कुठं हायत?" गणपतरावांनी विचारलं.

मफलरवाल्यानं मागं बोट केलं. "शेडच्या दारात."

मागं जुनी मागांची शेड, खटाक खटाक चाललेली. तिच्या दारासमोर लिंबाची सावली, सावलीत खाट, खाटेवर जोतीराम, बनियनवर, पाय पसरून. शेजारी दोन गिऱ्हाइकं बाकड्यावर बसून चहा पीत होती.

"या या, साडूभाऊ! आणि ह्या पावण्या कोण?"

"आमच्या बिल्डिंगच्या इंजिनिअर हायत," गणपतराव म्हणाले. "मर्दा, एवढं काचेचं हापिस बांधलंस आणि हितं खाटंवर का?"

"आत माणूस बसतंय व्हय?" जोतीरामनं अगदी सरळ विचारलं. "नुसती भट्टी. एसी लावला तर हाडं धरत्यात. आन् दार लावून बसलं की गिऱ्हाईक भाईरनंच परत जातंय. काच लोकांस्नी बघायला हाय, साडूभाऊ. मला बसायला खाट."

गणपतराव हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. लवंग कुठं पडली तेही त्यांना कळलं नाही. जोतीरामनं चहा पाजला, तोही त्यांनी हसत हसत प्याला. गाडीत बसून इचलकरंजी मागं पडली तरी अधूनमधून हुंदके आल्यासारखे हसत होते. "मांजरपाट! चिमटे लावून! कारकुनाला मफलर!"

मग हसू एकदम थांबलं. आपणही काचच बांधायला निघालोय हे आठवलं असावं.

क्रांतीनं मान वळवून विचारलं, "साहेब, नव्या ऑफिसात तुम्ही कुठं बसणार?"

"मी? मी केबिनला की. वर. काचेजवळ."

"आणि आत्ता कुठं बसता?"

हे विचारायची खरं गरज नव्हती. ती फौंड्रीत कितीदा गेली होती. गणपतराव गेटच्या खोलीपुढच्या पडवीत बाकड्यावर बसलेले असायचे. केबिन होती त्यांना, पण तिच्यात बिघडलेल्या मोटारी ठेवल्या होत्या. मुकादम, गिऱ्हाईक, वर्गणीवाले, सगळे त्या बाकड्यावरच यायचे. एकदा एका साहेबानं आत बसून बोलूया म्हटलं तेव्हा गणपतराव म्हणाले होते, "दार लावलं की येणाऱ्याला वाटतंय, हेंच्यात कायतरी बिनसलंय." हे सगळं क्रांतीनं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि महिनोन् महिने कॉम्प्युटरमध्ये मात्र ती दारं बंद आणि मालक केबिनमध्ये असंच धरून चालली होती. पुण्यातल्या ऑफिसात तसं असायचं म्हणून.

आता एकच शब्द बोलायचा होता, पण तो तिच्या जिभेवर येईना. सोपा. घरापुढचा, रस्त्याकडं तोंड करून बसलेला, तिन्ही बाजूंनी मोकळा सोपा. तिच्या वडिलांनी लहानपणी गावातल्या एका बड्या घराच्या सोप्यापुढं उभं राहून आपल्या बापाची मजुरी घेतली होती. वर बसलेला माणूस पायरीवरून खाली पैसे टाकायचा, खाली ओंजळ धरायची, वर चढायचं नाही. पुढं एसटीची नोकरी लागल्यावर वडिलांनी उचगावच्या घराला सगळ्यात आधी काय काढलं असेल तर सोपा, चार माणसं जेमतेम मावतील एवढा. गल्लीतलं कुणीही येऊन त्यावर टेकायचं.

गाडी पंचगंगेच्या पुलाकडं आली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, पश्चिमेची काच काढू. तिथं सोपा करू. खोल, दोन माणसं आडवी झोपतील एवढा. बाकडी टाकू, सगळे पाव्हणे तिथंच बसतील. तिथं एसी लागत नाही. आणि मागच्या खोल्यांवर त्याची सावली पडेल."

"आन् हायवेवरनं काय दिसणार?"

"तुम्ही दिसाल."

गणपतरावांनी खिशातून नवी लवंग काढली, तोंडात टाकली. ती गालात फिरवून म्हणाले, "साडूकडं असला सोपा न्हाय, नव्हं?"

"न्हाय. त्येंच्याकडं खाट हाय."

"मग कर." मग एकदम बोट वर करून, "पण हवा बेळगावचीच. पेपरात आलंय."

"हवा बेळगावचीच."

"आन् जोतं चांगलं उंच घे. सोपा म्हटल्यावर पायऱ्या पायजेत."

"पायऱ्या नकोत साहेब. रस्त्याच्या सपाटीला करू."

"का गं?"

"चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना चढता येत नाही. सर्टिफिकेटवाले ते बघतात."

हे खरंच होतं, बघतातच. दुसरं कारण तिनं सांगितलं नाही आणि गणपतरावांनी विचारलं नाही. ते तोपर्यंत साडूला पुढच्या दिवाळीच्या पंगतीत हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

पुढचे दिवस क्रांतीनं पुन्हा वर्षंच्या वर्षं काढली. सगळं मॉडेल पश्चिमेकडून उसवून नव्यानं शिवायचं होतं. सोप्यातली जागा एसीतून काढली की चुलतभावालाही ती सोडावी लागते, तेव्हा नुसती जागा सोडून काही हाती लागत नाही. पण चुलतभावाच्या अंगावर अशी सावली नव्हती, आणि गणपतरावांच्या बिल्डिंगच्या अंगावर आता ती पश्चिमेची भट्टी नव्हती. सरनोबत येता जाता डोकावायचे, आकडा विचारायचे नाहीत. पाठीमागं उभं राहून नुसते खोकायचे.

ज्या दुपारी शेवटचं वर्ष लावलं त्या दुपारी, ऑगस्ट चालू असताना, दिवे पिवळे झाले. पंखा मंदावला. ड्राफ्ट्समन ओरडला, "मॅडम, गणपती!" बॅटरीचा डबा चीं चीं करायला लागला. क्रांतीनं हात जोडले नाहीत की काही पुटपुटली नाही. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती नुसती बघत बसली. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. डबा ओरडत होता. एकतीस डिसेंबर आली, आकडा पडला, आणि मग डब्यानं मान टाकली.

अंधारात सरनोबतांचा आवाज आला, "किती?"

"सोळा. थोडं वर."

"पुण्याचं?"

"बेळगावचं."

हसायला, ओरडायला हवं होतं, पण क्रांतीनं टेबलावर डोकं टेकलं. ड्राफ्ट्समननं जाऊन चहा सांगितला. तो आला तेव्हा ती झोपलेली होती. चहा निवून गेला.

हैदराबादनं बरेच प्रश्न विचारले, सोप्याचं माप तीनदा मागितलं, पण अखेर फाइल उघडली. बिल्डिंग उभी राहायला पुढचं अख्खं वर्ष गेलं आणि तिच्यावर सर्टिफिकेटची पाटी लागायला आणखी काही महिने. सरनोबतांनी शब्द पाळला, आपल्या पद्धतीनं. एनर्जीचं काम कोल्हापुरात ठेवलं, क्रांतीला जिन्याखालून काढून माळ्यावर नीट जागा दिली. माणसं दोन देणार होते, त्यातला तोच ड्राफ्ट्समन एक निघाला. दुसरा अजून यायचाय.

उद्घाटनाला क्रांती आईला घेऊन गेली. दोन हजार दहाचा फेब्रुवारी, उतरती दुपार. सोप्यावर बाकडी, बाकड्यांवर माणसं, मधोमध गणपतराव, पांढऱ्या कपड्यांत, लवंग तोंडात. हायवेवरून जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून हात करत होते आणि गणपतराव हात उंचावून त्यांचा नमस्कार घेत होते. जोतीराम सगळा सोपा पावलांनी मोजत फिरत होता.

तानूबाई सोप्याच्या कडेला आली आणि थांबली. चढायला पायरी नव्हती, नुसती फरशी सुरू होत होती, तरी ती थांबली. साठ वर्षांची सवय. क्रांतीनं तिचा दंड धरला होता, पण ओढलं नाही.

गणपतरावांचं लक्ष गेलं. "आक्का, तिथं का उभ्या? बसा की. ए, सरका रं, जागा करा."

दोन माणसं सरकली. तानूबाई फरशीवरून चार पावलं चालली आणि बाकड्यावर टेकली. गुडघे चोळले. हायवे बघितला, छत बघितलं, मागची गार भिंत हातानं चाचपली.

"ह्यातलं तू काय केलंस गं?"

"सोपा."

"सोपा?" तानूबाईनं तिच्याकडं वळून बघितलं. "आपल्या दाराला काय हाय मग? तुझ्या बानं गवंडी बोलावून चार दिसांत काढलाता."

शेजारचे दोघे हसले. क्रांतीही हसली. बऱ्याच महिन्यांनी.

तेवढ्यात सरनोबत गर्दीतून वाट काढत आले. मागं जोतीराम. "क्रांती, जरा ऐक. जोतीरामअण्णांना कबनूरचं ऑफिस सुधारून घ्यायचंय. सोपा पाहिजे म्हणतायत, यांच्यापेक्षा मोठा. पण निळी काच काढायची नाही."

"काच ऱ्हाऊ दे," जोतीराम म्हणाला. "तेवढ्यासाठी लई खर्च केलाय."

क्रांतीनं मान डोलावली. कबनूरचं तोंड कुठल्या दिशेला, काच किती, हवा कुठली, सगळं तिच्या डोळ्यांपुढं यायला लागलं. एक जानेवारी. मग तिनं पाठ भिंतीला टेकली, ती भिंत खरोखरच गार होती, आणि डोळे मिटले.

"उद्या सांगते, सर."

सरनोबत आणखी काही बोलणार होते. तानूबाईनं त्यांच्याकडं बघून हात हलवला, माशी हाकलावी तसा.

"तुम्ही बी बसा की, सायेब. जागा हाय."